तुम्ही विचारलंत म्हणून : मरगळलेल्या टीमसाठी कोणता उपक्रम घ्यावा?

"टीम मरगळलीय, एखादा मजेचा उपक्रम सुचवा ना." हा प्रश्न ज्यांच्याकडून येतो त्यांच्या मनात उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं. एक सहल, थोडे खेळ, शेवटी बक्षिसं. त्यात वाईट काही नाही, फक्त क्रम चुकतो. जिथे रजेचा अर्ज चार-चार दिवस कुणी उघडून बघत नाही तिथे संगीतखुर्ची मांडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० अभियंत्यांना आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. १९५९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाईट आठवणींत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, कामाची परिस्थिती असे विषय वरचढ होते. चांगल्या आठवणींत तडीस गेलेलं काम, त्याची कुणीतरी घेतलेली दखल, अंगावर आलेली जबाबदारी. म्हणजे ही दोन वेगळी खाती आहेत. माणूस यश स्वतःच्या नावावर मांडतो आणि खापर दुसऱ्यावर फोडतो, त्यामुळे उत्तरं तशीच येणार, हा या अभ्यासावरचा आक्षेप रास्त आहे. तरी व्यवहारापुरतं इतकं खरं ठरतं : त्रास काढला म्हणून कुणी आनंदाने नाचत नाही, पण त्रास तसाच ठेवून वर मजा ओतली तर ती मुरत नाही.

म्हणून सुरुवात कचकचीपासून करा. प्रत्येकाशी एकेकट्याने २० मिनिटं बोला, शक्यतो तुमच्या केबिनबाहेर. २० जणांची टीम असेल तर दिवसाला दोघे धरून कामाचे दहा दिवस लागतात. "काही अडचण आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही, सगळं ठीक" हेच येतं. त्याऐवजी विचारा : मागच्या आठवड्यात कशात उगाच वेळ गेला? कुणाच्या उत्तरासाठी ताटकळावं लागलं? एक नियम रद्द करायचा तर कोणता कराल? मग खऱ्या गोष्टी बाहेर पडतात. एकच माहिती दोन तक्त्यांत भरावी लागते, प्रिंटर दर सोमवारी रुसतो, सुट्टीच्या दिवशी साहेबांचे मेसेज येतात.

हे सगळं सर्वांना दिसेल अशा फळ्यावर किंवा शीटवर मांडा. तक्रार, ती कोण बघणार, उत्तर कोणत्या तारखेला, आणि उत्तर काय. तक्रार कुणाची हे लिहायचं नाही, आणि कुणा माणसाविषयीची तक्रार फळ्यावर आणायचीच नाही, ती वेगळी हाताळायची. प्रत्येक ओळीला सात दिवसांत उत्तर हवं. "जमणार नाही, कारण अमुक" हेही उत्तर आहे आणि लोक ते पचवतात. पचत नाही ते मौन. सूचनापेटी हमखास मरते ती याच कारणाने, आत चिठ्ठ्या पडतात आणि बाहेर काही येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत छोट्या तीन गोष्टी उरकून टाका. मोठी गोष्ट आधी हातात घेतली तर ती रेंगाळते आणि फळ्याची पत जाते.

शिफ्टमध्ये काम चालत असेल तर निम्मी मरगळ ड्युटीच्या तक्त्यात असते. तो किमान दोन आठवडे आधी लागायला हवा. आपसात अदलाबदल करायची मुभा हवी, अट एवढीच की दोघांना ते काम येतं आणि एक दिवस आधी कळवलं. नकोशा पाळ्या, म्हणजे रात्री आणि सणासुदीचे दिवस, कुणाला किती आल्या याची बेरीज तक्त्याच्या खालीच लिहा. बेरीज दिसली की अन्यायाच्या अर्ध्या अफवा आपोआप थांबतात. उरलेल्या अर्ध्या खऱ्या निघतात, त्या दुरुस्त करा.

कौतुकाचा विषय आला की लोक 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' काढतात. मला हा प्रकार पटत नाही. २० जणांत एकाला हार घालायचा म्हणजे १९ जणांना दर महिन्याला 'तू नाहीस' सांगायचं. निकष धूसर असले की चौथ्या-पाचव्या महिन्यात आळीपाळीने वाटप सुरू होतं, आणि ते सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा काम झाल्यावर एक-दोन दिवसांत, नेमक्या शब्दांत सांगा. "छान काम केलंत" यात काही नाही. "काल ग्राहक चिडलेला असताना तुम्ही आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतलंत, मग बिल काढलंत, म्हणून ते प्रकरण वरपर्यंत गेलं नाही" यात काम पाहिल्याची खूण आहे. चारचौघांत सांगायचं की बाजूला घेऊन, हे त्या माणसालाच एकदा विचारून ठेवा. काहींना टाळ्यांची धास्ती वाटते.

आपल्या कामाने कुणाचं काय झालं, हे फार थोड्यांना बघायला मिळतं. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांची अशा देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवली होती. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीच्या वर गेला होता. तुमच्याकडेही माल वापरणारा, सेवा घेणारा कुणीतरी असतो. त्याला १५ मिनिटं बोलवा. सोबत साहेबांचं भाषण ठेवू नका.

एवढं मार्गी लागल्यावर मजा. तिला खर्च फारसा लागत नाही, पण काही पथ्यं लागतात. ती कामाच्या वेळेतच हवी. सुट्टीच्या दिवशी ठेवलेली मजा ही बिनपगारी ड्युटी असते. ४५ मिनिटं पुरे, आणि संपायची वेळ आधी जाहीर हवी. न येण्याचं कारण कुणाला विचारायचं नाही. विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ साली दाखवून दिलं की पगारासाठी हसणं हेही श्रमच असतात. ज्याचं काम दिवसभर ग्राहकांपुढे हसण्याचं आहे, त्याला संध्याकाळी सक्तीने नाचवू नका. त्याला बहुधा शांत कोपरा आणि पाय पसरायला खुर्ची हवी असते. तीही मजाच. खेळ निवडायचा तर चार-पाच जणांचे गट पाडून, वेगवेगळ्या विभागांतले मिसळून, आणि ज्यात शरीराची, वयाची किंवा इंग्रजीची फजिती होणार नाही असा. पैसे आणि निवड तीन जणांच्या गटाकडे द्या, दर तीन महिन्यांनी गट बदला. त्यांनी निवडलेलं तुम्हाला बालिश वाटलं तरी चालू द्या.

फरक पडला का हे बघायला दर तीन महिन्यांनी पाच प्रश्नांची निनावी पाहणी पुरते. एका गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाचा निकाल वेगळा काढू नका, अक्षरावरून नाही तर मतावरून माणूस ओळखू येतो. निकाल आठवड्याभरात सगळ्यांपुढे ठेवा, नको ते आकडेही.

आणि कार्यक्रमात तुम्ही स्वतः? पहिली २० मिनिटं थांबा, एका डावात मनापासून हरा, मग काहीतरी काम काढून निघा. खरी मजा बहुधा त्यानंतर सुरू होते.