टमरेल बेसूर का झालं

पाटीवर छापलेलं नाव होतं ‘वादक क्रमांक एक’. कार्यशाळेत मात्र ते पहिल्या दिवसापासून टमरेलच, कारण डोक्याच्या जागी पत्र्याचा जुना डबा होता आणि त्याची कडी कानासारखी एका बाजूला लोंबत होती. मी भंगारातून रोबो करतो. प्रदर्शनांसाठी, रंगमंचासाठी, कधी कुणाच्या हौसेसाठी. लोकांना वाटतं हे काम वेल्डिंगचं. प्रत्यक्षात निम्मा वेळ गंज करण्यात जातो. काढण्यात नव्हे, करण्यात. खरा गंज हाताला लागतो, झडतो आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही, म्हणून तो रंगवावा लागतो. टमरेलच्या अंगावर आधी विटकरी रंग मारला. तो वाळल्यावर जरासं पाणी शिंपडून वर खडे मीठ भुरभुरलं, त्यावर निळा रंग फवारला आणि तो सुकल्यावर अंगठ्याने मीठ खरवडून काढलं. जिथे खडा होता तिथे खालचा विटकरी डाग उघडा पडतो, कडा वेड्यावाकड्या, चाळीस पावसाळे उघड्यावर काढल्यासारख्या. पूर्ण तीन दिवस गेले त्यात. या विषयावर मी कुणालाही तासभर धरून ठेवू शकतो, तेव्हा इथेच थांबतो.

टमरेलला काम एकच होतं, थेरेमिन वाजवणं. लेव तेर्मेन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास बनवलेलं हे वाद्य हात न लावता वाजतं. उजवीकडे उभी दांडी, डावीकडे आडवं कडं. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, कड्यावर हात आणला की आवाज दबतो. आत दोन दोलक असतात, म्हणजे ठरावीक गतीने विजेची कंपनं निर्माण करणारी मंडलं. समजा एक सेकंदाला २,६०,००० वेळा थरथरतो आणि दुसरा २,६०,४४०. दोन्ही कानाच्या पलीकडचे, पण त्यांच्यातला ४४० चा फरक ऐकू येतो. हात जवळ आला की एका दोलकाची गती किंचित बदलते, फरक बदलतो, सूर बदलतो. १९५१ मध्ये बर्नार्ड हर्मन यांनी परग्रहावरच्या पाहुण्याच्या चित्रपटाला संगीत देताना दोन थेरेमिनं वापरली होती. अशा चित्रपटांमुळे तो कातर, घसरता आवाज ऐकला की आपल्याला आपोआप उडत्या तबकड्या आठवतात.

टमरेलच्या पोटात जुन्या स्कॅनरच्या दोन स्टेपर मोटारी होत्या, त्या खालचा सूर धरून ठेवायच्या. मोटार सेकंदाला जितकी पावलं टाकते तितक्या कंपनांचा सूर तिच्यातून निघतो. २२० पावलं टाकायला लावा, २२० चा सूर. ती चुकत नाही, दमत नाही, सांगितलं तेवढं मोजते. थेरेमिनचं तसं नाही. त्याच्यावर ना पडदे ना पट्ट्या, सूर सगळे हवेत. टमरेलच्या छत्रीच्या काड्यांच्या बोटांनी दांडीपासून नेमकं कुठे थांबायचं, याचा तक्ता माझ्या धाकट्या सहकाऱ्याने दोन आठवडे बसून केला होता. अकरा सूर, खांद्याचे अकरा कोन. दांडीजवळचे सूर इतके दाटीवाटीने असतात की तिथे खांदा केसभर हलला तरी सूर हातचा जातो. कार्यशाळेत टमरेल ती धून इतकी सुरेख वाजवायचं की आम्ही काम सोडून ऐकत बसायचो.

उद्घाटन संध्याकाळी सहाला. आम्ही सकाळी दालनात पोहोचलो, टमरेलला लाकडी चौथऱ्यावर उभं केलं, चौथऱ्यावर काळी नमद्याची चादर. शेजारी माहितीचा फलक लागत होता. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला, तो त्यांच्या चित्रकार भावाने, जोसेफने, सुचवला आणि चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगारी, असं त्यावर लिहिलं होतं. सहकारी वाचून म्हणाला, “म्हणजे दादा, आपण दोघं.”

मग कळ दाबली.

मोटारी बरोबर घुमल्या. टमरेलने हात उचलला, ऐटीत दांडीकडे नेला, आणि जे वाजलं त्याला धून म्हणणं म्हणजे धुनेचा अपमान. अकरा सुरांची धून दोन-तीन सुरांत कोंबलेली. हात पूर्ण फिरत होता, सूर मात्र जागच्या जागी कण्हत होता, पोट दुखणाऱ्या माणसासारखा.

आधी खांद्याच्या सर्व्होवर, म्हणजे सांगितलेल्या कोनात हात थांबवणाऱ्या मोटारीवर, संशय घेतला. कोनमापक लावून अकराही कोन तपासले, सगळे चोख. मग वीजपुरवठा बदलला. मग डोक्यावरचे दिवे बंद करून पाहिले. थेरेमिन तापायला वेळ घेतं म्हणून अर्धा तास नुसतं चालू ठेवलं. सूर जुळवायचं बटण पिळून पिळून सैल केलं; त्याने सगळी धून वर किंवा खाली सरकायची, पण पसरायची नाही. दुपारचे तीन वाजले. सहकारी तक्ता नव्याने करायला निघाला होता, पण हाताचा पल्लाच अपुरा पडत होता, तक्ता काय करणार?

चार वाजता प्रदर्शनाच्या मॅडम आल्या. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “कार्यशाळेतलं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? ते लावा. हात हलतोयच. कोणाला कळतंय?”

त्यांचं चूक नव्हतं, त्यांना सहा वाजता दार उघडायचं होतं. पण मला तो बुद्धिबळ खेळणारा तुर्क आठवला. फॉन केम्पेलेन यांनी १७७० मध्ये दाखवलेलं ते यंत्र १८५४ मध्ये आगीत जळालं. तोवर त्याने कितीतरी मातब्बरांना चकवलं, आणि आत बसलेला असायचा चांगला खेळणारा माणूस. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये जाके-द्रो यांच्या कार्यशाळेत वादक बाहुली तयार झाली. १७७४ मध्ये ती लोकांसमोर आली. ती स्वतःच्या बोटांनी ऑर्गनच्या पट्ट्या दाबते, आत लपवलेली संगीतपेटी नाही. नशातेलच्या संग्रहालयात ती अजून वाजते. आमच्या धंद्यात ही दोन घराणी आहेत आणि मी स्वतःला कायम दुसऱ्या घराण्यातला समजत आलोय. मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “छान. पाच वाजेपर्यंत.”

खोटं कशाला बोलू, पावणेपाचला मी पेनड्राइव्ह खिशातून काढला होता. ध्वनियंत्र टमरेलच्या मागे, अडचणीत. तिकडे वाकताना तोल गेला म्हणून मी टमरेलचं कोपर धरलं. सहकाऱ्याने तपासणीसाठी त्याचा हात सहाव्या सुरावर थांबवून ठेवला होता. माझी पकड बसली आणि तो कण्हणारा सूर सर्रकन वर चढून नेमक्या जागी जाऊन उभा राहिला.

“दादा, सोडू नका!”

मी सोडलं. सूर कोसळला. पुन्हा धरलं, पुन्हा चढला. पेंट नसलेल्या सांध्यावर बोट टेकवलं तरी पुरत होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग दोघांचीही नजर एकदमच खाली गेली, लाकूड आणि नमद्याकडे.

माणसाचा हात थेरेमिनला जाणवतो, कारण हातामागे अख्खं शरीर असतं, आणि ते शरीर जमिनीशी विजेच्या नात्याने बांधलेलं असतं. टमरेलचा हात म्हणजे हवेत लटकलेला लोखंडाचा तुकडा, त्याच्यामागे काहीच नाही. कार्यशाळेत टमरेल आणि थेरेमिनचा स्टँड दोन्ही एकाच लोखंडी टेबलाला बोल्टने आवळलेले होते, म्हणून सगळं टेबलच त्याचं शरीर झालं होतं. ते टेबल आम्ही मागे ठेवून आलो होतो. आता एवढी साधी गोष्ट सकाळी का सुचली नाही, हे विचारू नका. मी सर्व्हो, दिवे, बटण सगळं बघितलं. पायाखाली बघितलं नाही.

उपाय हातभर वायरचा. थेरेमिनच्या अर्थिंगच्या टोकापासून टमरेलच्या कंबरेपर्यंत. चिमटा लावला, काही फरक नाही. कारण कंबरेवर माझा लाडका गंज होता, विटकरी थर, निळा थर आणि वर वार्निश. रंगातून वीज कशी जाणार? कानस घेतली आणि नखाएवढी जागा चकचकीत लोखंडापर्यंत घासली. तीन दिवसांच्या कामावर कानस चालवताना मला काय वाटलं ते सहकाऱ्याला दिसलं असावं. तो काही न बोलता बॅटरीचा उजेड धरून उभा राहिला. छिद्र पाडलं, वायरच्या टोकाला गोल लग, म्हणजे धातूची छोटी कडी, दाबून स्क्रूने आवळला. अकराचे अकरा सूर पसरले.

जुळवणी बाकी होती, आणि ती वेगळीच गंमत. बटण फिरवायला जवळ जावं, तर जवळ गेलेल्या माणसामुळेच सूर चढतो. जुळवून मागे सरकलं की उतरलेला. त्यामुळे सहकारी बटण जरासं फिरवायचा, उलट्या पावली लांब जायचा, ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा यायचा. असं तेवीस वेळा, मी मोजलं. शेवटी जमिनीवर दोन मीटरवर पिवळी टेप चिकटवली, प्रेक्षक तिच्या अलीकडे. मॅडमनी पेनड्राइव्ह परत माझ्या हातात ठेवला आणि दार उघडायला गेल्या.

पहिल्या गर्दीत एक गृहस्थ हाताची घडी घालून पूर्ण धून ऐकत उभे होते. संपल्यावर मला म्हणाले, “रेकॉर्डिंग चांगलं केलंय.”

मी म्हटलं, “पुढच्या वेळी वाजेल तेव्हा टेप ओलांडून एक पाऊल पुढे या.”

ते आले. टमरेलचा सूर चढला आणि सगळं दालन वळून पाहू लागलं. गृहस्थ दचकून मागे झाले, सूर खाली. मग त्यांनी घडी सोडली आणि उजवा पाय सावकाश टेपवरून पुढे टाकला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे. त्यांच्या शेजारी एक लहान मुलगी येऊन तेच करू लागली, तिच्यामागे तिची आई. रात्री आवराआवर करताना पाहिलं तर पिवळी टेप मधोमध पूर्ण घासून गेली होती.