खाटेखालचा स्टोव्ह

माझी रंगमंचावरची पहिली भूमिका स्टोव्हची होती. वय वर्षं सहा. अंगाभोवती काळा पुठ्ठा, डोक्यावर लाल-पिवळ्या पतंगी कागदाच्या ज्वाळा, आणि काम एवढंच की खाटेखाली उकिडवं बसून राहायचं. संवाद नव्हता. मधे एकदा "फर्रर्र" असा आवाज काढायचा होता. तो मी दोनदा काढला आणि टाळ्याही दोनदा घेतल्या.

मालाडच्या आमच्या चाळीतल्या महिला मंडळाचा मेळावा दरवर्षी १५ मार्चच्या मागच्यापुढच्या रविवारी भरायचा. इतर मंडळं संक्रांतीचं नाहीतर चैत्रातलं हळदीकुंकू गाठून कार्यक्रम करायची. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका लिज्जतच्या पापड लाटणाऱ्या, त्यामुळे तारीख आपोआप ठरलेली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणींनी पापडांची पहिली चार पाकिटं केली. तीच गोष्ट आम्ही नाटुकलं करून दाखवायचो. गोष्ट तीच, प्रेक्षक तेच, भांडणं मात्र दर वर्षी नवीन.

पहिलं भांडण नावांवरून. जसवंतीबेन, पार्वतीबेन, उजमबेन, बानूबेन, लागूबेन, जयाबेन... पोरींच्या तोंडात सगळ्या बेन एकमेकींत मिसळून जायच्या. जसवंतीबेन कोण होणार यावर तर आयांमध्ये महिनाभर अबोला. शेवटी जिची गुजराती बरी ती जसवंतीबेन, असा तोडगा निघाला आणि तळमजल्यावरच्या गुजराती काकींच्या मुलीने ती भूमिका सलग चार वर्षं अडवून ठेवली.

दुसरं भांडण मालाडवरून. १९६१ मध्ये संस्थेने गिरगावाबाहेर पहिली शाखा काढून पाहिली ती मालाडला, आणि ती चालली नाही. आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं, आनंदाच्या दिवशी हे कशाला? कोपऱ्यावरच्या खोलीतल्या काकू ऐकायच्या नाहीत. "आपल्या मालाडचं नाव त्या गोष्टीत एकदाच येतं, तेवढं तरी घ्या!" म्हणून मग नाटकात एक मुलगी यायची, "मालाडची शाखा बंद पडली" एवढं म्हणायची आणि जायची. या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या. मला तरी अख्ख्या नाटकात तेवढं एकच वाक्य खरं आपलं वाटायचं.

पण मेळाव्याची खरी गंमत ऐंशी रुपयांत होती. त्या सात जणींनी धंदा सुरू केला तो समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पांकडून उसने घेतलेल्या ऐंशी रुपयांवर. देणगी म्हणून नाही, उसने. आमच्या खजिनदार मावशींचा हट्ट असा की नाटकात खोट्या नोटा चालणार नाहीत. आठ बायकांकडून दहा-दहाची एकेक नोट घेतली जायची, वहीत नावं लिहिली जायची, आणि शेवटच्या प्रवेशात जसवंतीबेन झालेल्या मुलीने प्रेक्षकांत उतरून ज्या बाईची नोट तिला परत द्यायची. मोजून. खऱ्या बायकांनी ते कर्ज सहा महिन्यांत फेडलं होतं, आमच्या नाटकात ते वीस मिनिटांत फिटायचं. नोटा परत मिळेपर्यंत एकही बाई चहाला उठायची नाही.

हे सगळं मला तेव्हा नुसतं मजेचं वाटायचं, कारण पापड आमच्या घरात इतका होता की तो दिसतच नव्हता. आई सकाळी केंद्रावर जायची, आदल्या दिवशीचे पापड द्यायची, वजन व्हायचं, वणाईचे, म्हणजे लाटण्याच्या मजुरीचे, पैसे हातात पडायचे आणि ती मळलेल्या पिठाचा डबा घेऊन परत यायची. उडदाचं पीठ, हिंग, मिरी, पापडखार. आमच्या दप्तरांनाही हिंगाचा वास. आई पिठाची लांब वळी करायची, दोऱ्याने तिचे तुकडे पाडायची, आणि मग लाटणं सुरू. मनगट फिरायचं, कोपर हलायचा नाही. एका पापडाला किती वेळ लागतो ते मी एकदा मोजायला बसले आणि मोजता मोजता झोपले. लाटलेले पापड पालथ्या टोपलीवर पसरायचे. कडा जाड राहिली तर तो पापड आई स्वतःच बाजूला काढायची. "तिथे गेल्यावर कुणी काढण्यापेक्षा मीच काढते."

यामागे छगनबाप्पांची शिकवण होती हे मला नाटकामुळे कळलं. सुरुवातीला त्या बायकांचा विचार दोन प्रकारचे पापड करायचा होता, त्यातला एक हलका आणि स्वस्त. बाप्पा म्हणाले, एकच करा आणि तो उत्तम करा. मोडलेले पापड विकायचे नाहीत, ते शेजारीपाजारी वाटायचे. हिशेब लिहायची शिस्तही त्यांचीच. बाप्पांची भूमिका आमच्याकडे बरीच वर्षं वाण्याच्या मुलाने केली. तो खरोखरच वही उघडून बसायचा, त्यामुळे संवाद पाठ करायची गरज नसायची.

पीठ घरी न्यायची पद्धत कशी आली, त्याचाही एक प्रवेश होता. तिसऱ्या वर्षापर्यंत बायका तीनशेच्या वर गेल्या, गच्ची पुरेना. मग मळलेलं पीठ घरी द्यायचं आणि लाटलेले पापड परत आणायचे असं ठरलं. हा प्रवेश आला की आई शेजारणीला कोपराने ढोसायची. गिरगावातली गच्ची अपुरी पडली, म्हणून आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कामाला जागा झाली.

आणि स्टोव्ह? पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. त्याही वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली होती. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. संपला प्रश्न. लिज्जत हे नाव १९६२ मध्ये स्पर्धेतून आलं, सुचवणाऱ्या धीरजबेन रुपारेल यांना पाच रुपये बक्षीस मिळालं, १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली, खादी ग्रामोद्योगाची मान्यता मिळाली. हे सगळं आमचा निवेदक एका दमात वाचून टाकायचा. खाट आणि स्टोव्ह मात्र दाखवायलाच लागायचे. पुढे पोरं म्हणायला लागली, ससा पाहिजे. टीव्हीवर जाहिरातीतला तो रामदास पाध्यांचा ससा हसायला लागला होता ना! एका वर्षी ससा आणलासुद्धा. सशाने जसवंतीबेनला पार झाकून टाकलं. पुढच्या वर्षी अध्यक्षबाईंनी सशाला बंदी घातली.

१९९३ च्या भूकंपानंतरचा मेळावा नाटकाविना झाला. लिज्जतने लातूर जिल्ह्यातल्या चिंचोली जोगन गावात घरं बांधायला मदत केली, तेवढं एका ताईंनी वाचून दाखवलं. एरवी बडबडणाऱ्या बायका गप्प होत्या. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे आपल्या लाटण्याची भिंत झाली म्हणायची." अध्यक्षबाईंनी लगेच चहा मागवला. रडारड त्यांना चालायची नाही.

२०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा चाळ पडून तिथे इमारत उभी राहिली होती. आईने बातमी दोनदा वाचली आणि म्हणाली, "सात जणी होत्या. एकीला कसं बोलावलं?" मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. ती गेली म्हणजे सगळ्याच गेल्या."

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये मेळावा झाला. तीच गोष्ट, नव्या पोरी. माझी भाची स्टोव्ह. ऐंशी रुपये गोळा करताना एका मुलीने आईला विचारलं, "आजी, ऑनलाइन देताय का?" आईने बटवा उघडून दहाची नोट काढली, मुलीच्या हातावर ठेवली आणि वहीत नाव लिहिलं की नाही ते वाकून पाहिलं.

नाटक संपलं, दिवे लागले, लोक बटाटेवड्यांकडे निघाले. जसवंतीबेन झालेली मुलगी आपल्या आजीबरोबर फोटो काढत राहिली. आई खुर्चीतच बसून. मी म्हटलं, "चल ना, वडे गार होतील."

"माझे दहा रुपये यायचेत अजून," आई म्हणाली.