राईनपाडा आणि ‘पहिला पाठवणारा’

१ जुलै २०१८ हा रविवार होता आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजारही त्याच दिवशी भरलेला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्या परिसरात आधीच पोहोचली होती. एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले आणि पाच अनोळखी माणसांना जमावाने घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले व तिथेच मरेपर्यंत मारले. हे पाचही जण भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. भटक्यांकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आहे. मोबाइलने त्या संशयाला ‘पुरावा’ पुरवला.

हा ‘पुरावा’ कसा तयार होतो, हे त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओवरून कळते. गल्लीत मुले खेळत असतात, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतील एका बालसुरक्षा संस्थेच्या जनजागृती मोहिमेची होती आणि तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात व पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेले दृश्य मग आपल्याच जिल्ह्यातले म्हणून हातोहात फिरू लागले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांकडे मी या व्हिडिओच्या संदर्भात पाहतो. भारतात पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी आदेश मिळाल्यास, संदेशाचा ‘पहिला पाठवणारा’ कोण हे सांगता आले पाहिजे, असे हा नियम म्हणतो. आणि तो पाठवणारा देशाबाहेरचा असेल, तर भारतातला पहिला पाठवणारा तोच मूळ मानला जाईल. समजा, कराचीची ती फीत अखंड स्वरूपात, चांगल्या हेतूने, एखाद्या शिक्षिकेने पालकांच्या ग्रुपवर सर्वप्रथम टाकली असेल, तर शोध तिच्यापाशी येऊन थांबू शकतो. कात्री लावणारा, खोटा मजकूर जोडणारा आणि ‘खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्या’ असे लिहून पुढे ढकलणारे शेकडो लोक मात्र त्या व्याख्येत सहजासहजी बसत नाहीत. (शेवटचे वाक्य माझ्या नात्यातल्या ग्रुपवरही नित्यनेमाने येते, आणि ते लिहिणारी माणसे अत्यंत सज्जन आहेत.)

या सोयीची किंमतही मोठी आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमुळे संदेश फक्त पाठवणारा आणि मिळवणारा यांनाच वाचता येतो. मूळ शोधायचे तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर काही ना काही खूण ठेवावी लागेल, असा व्हॉट्सॲपचा आक्षेप आहे आणि त्यासाठी ही कंपनी मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कंपनीला तिचा धंदा सांभाळायचा आहे, हे उघड आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितल्यानंतर, काही अफवाखोरांसाठी सर्वांच्याच बोलण्यावर खूण ठेवणे मला पटत नाही.

त्यापेक्षा पुढे पाठवण्याचा वेग कमी करणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण त्यात कुणाचे पत्र उघडावे लागत नाही. जुलै २०१८ मध्येच भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली आणि चित्रे-व्हिडिओंशेजारचे झटपट पुढे पाठवण्याचे बटण काढले गेले. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. असे संदेश त्यानंतर सत्तर टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. हा आकडा मला दिलासा देत नाही, उलट अस्वस्थ करतो. कारण एवढ्याशा अडसराने इतका फरक पडत असेल, तर तो आधी न घालणे हाही कंपनीने घेतलेला निर्णयच होता, आणि त्याचा हिशेब ‘पहिला पाठवणारा’ शोधणारा नियम मागतच नाही.