बाहेरचं काहीच नाही दिलं डॉक्टर, सगळं घरचंच

ऐन उन्हाळ्यात भर दुपारी कुणी कुत्रा उचलून आणला की आमच्या डोक्यात पहिलं येतं उष्माघात. त्या दिवशीही तेच आलं. आई आणि कॉलेजातला मुलगा धावत आत आले, मुलाच्या हातात ब्रुनो, आठ किलोचा, मान टाकलेली, मागचे पाय लटपटत होते आणि वाटेत एकदा उलटी झालेली. ताप बघितला तर १०१.४, म्हणजे अगदी नॉर्मल. उष्माघातात हा आकडा १०५ च्या पुढे असतो, धाप लागलेली असते, हिरड्या लालभडक होतात, इथे त्यातलं काहीच नव्हतं. टेबलावर ठेवेपर्यंत त्याचे पाय झटके द्यायला लागले.

असं असेल तर शुगर बघायचीच, ही सवय आहे. कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला, ग्लुकोमीटरवर ३८. निरोगी कुत्र्याची साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. लगेच शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, ५० टक्केवालं, पण पातळ करून आणि सावकाश, कारण तसंच घट्ट सोडलं तर शीर खराब होते. काही मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि मुलाच्या हाताचा वास घेतला. पण तेवढ्यावर सुटका नव्हती, कारण धडधाकट, पूर्ण वाढ झालेल्या, डायबेटिस नसलेल्या कुत्र्याची शुगर उगाच ३८ वर येत नाही, आणि कशाने आली ते कळल्याशिवाय पुढे काय होणार ते सांगता येत नव्हतं.

काय खाल्लं विचारलं तर त्या ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाहेरचं काहीच नाही दिलं डॉक्टर, सगळं घरचंच. पाकिटातलं नको म्हणून मी स्वतः बनवते." केळं, दही आणि पीनट बटर मिक्सरला फिरवायचं, बर्फाच्या ट्रेत घालून गोठवायचं, दुपारी उकडायला लागलं की द्यायचं. आज चार-पाच तुकडे दिलेले, आधीही बऱ्याचदा दिलेले, कधी काही झालं नव्हतं. मी विचारलं, पीनट बटर नेहमीचंच का? तेव्हा मुलगा पटकन म्हणाला, नाही, ते संपलं होतं, बाबांची बाटली वापरली, त्यांना डायबेटिस आहे ना, शुगर फ्रीवाली.

घरी फोन लावून बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. शेंगदाणे, मग झायलिटॉल, मग मीठ.

झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ. माणसाची शुगर त्याने अशी पडत नाही, म्हणून तर ते डायबेटिसवाल्यांच्या खाण्यात घालतात. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून भसाभस इन्सुलिन सोडतं, आणि खरी साखर आलेलीच नसते, त्यामुळे रक्तात होती तीही पेशींत ओढली जाते. बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात कुत्रा गळतो. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंसं पोटात गेलं तरी शुगर पडू शकते, म्हणजे ब्रुनोसाठी एक ग्रॅमपण खूप झालं, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे लिव्हरला धोका, म्हणजे त्याच्यासाठी चार ग्रॅम, झायलिटॉलचा एक छोटा चमचा. बाटलीवर त्याचं प्रमाण लिहिलेलं नव्हतं, पण घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ते दुसऱ्या नंबरवर होतं, तेव्हा मी वाईटातलं वाईट धरूनच चालले.

मुलाने विचारलं, उलटी करवायची का? खाल्ल्या खाल्ल्या कळलं असतं आणि कुत्रा शुद्धीत असता तर करवली असती, पण झटके येत असताना उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाते. विष शोषायला आम्ही जो कोळसा पाजतो तो झायलिटॉलला नीट धरत नाही. मग डेक्स्ट्रोजची ड्रिप, दर तासाला शुगर आणि लिव्हरसाठी औषधं, एवढंच हातात होतं. रात्री दोनदा शुगर परत खाली आली, ड्रिप वाढवली. लिव्हरचा त्रास कधी कधी दिवस-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुत्रा हिंडायला लागला म्हणून घरी सोडून चालत नाही. दुसऱ्या दिवशी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते, थोडं वर गेलं, रक्त गोठण्याची टेस्ट ठीक होती, ७२ तासांनंतर दोन्ही नॉर्मल.

या सगळ्यात ताई त्याच्या पिंजऱ्याजवळ बसून असायच्या आणि मधेच म्हणाल्या, आता मी याला काही म्हणजे काही बनवून देणार नाही. मला ते फार लागलं. इतकी माया करणाऱ्या बाईने घाबरून हात आखडता घ्यावा हे मला पटेना, म्हणून काम आटोपल्यावर वही घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि आम्ही उन्हाळ्याचा खाऊ नव्याने ठरवला.

पीनट बटर काढूनच टाकलं. झायलिटॉल नसलेलं, नुसत्या शेंगदाण्याचं चालतं, पण मोठ्या चमचाभरात ९५ च्या आसपास कॅलरी असतात. आठ किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण सव्वापाचशे लागतात आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांतच बसवायचा, म्हणजे पन्नासेक. एका चमच्यातच दुप्पट होतं, शिवाय तेलकट, पुढे पॅन्क्रियाटायटिसची, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती. त्याऐवजी कलिंगड, बी आणि साल काढून, किंवा केळ्याच्या दोन-तीन चकत्या बिनसाखरेच्या दह्यात. दह्याने पोट बिघडत असेल तर नुसतं पाणी घालून फिरवायचं.

आणि ट्रेमधले दगडासारखे चौकोन नकोत. कुत्रा ते कडाकडा फोडतो आणि मागची मोठी दाढ तडकते, असे पेशंट मी पाहिलेत, किंवा घाईत अख्खा तुकडा घशात अडकतो. खडबडीत सिलिकॉनच्या चटईवर पातळ थर पसरून गोठवला की तो चाटत बसतो, वेळही जातो. तुकडेच द्यायचे असतील तर बाहेर ठेवून इतके मऊ करायचे की नख रुतलं पाहिजे.

मग त्यांनीच थंडीचं काढलं, भोपळ्याची बिस्किटं कशी करायची? वाफवलेला साधा भोपळा, ओट्सचं पीठ, एक अंडं, बस. मीठ, साखर, जायफळ नाही. डब्यातला भोपळा घेतला तर तो गोड, मसाला घातलेला नको. कडक होईपर्यंत भाजायची आणि यीस्टचं कच्चं पीठ ओट्यावर उघडं ठेवायचंच नाही, ते पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. चवीला सूप घालू का म्हणाल्या, तर तयार सुपात बहुतेक वेळा कांदा-लसणाची पावडर असते, ती तांबड्या पेशी फोडते, मग चिकन नुसत्या पाण्यात उकडून ते पाणी घाला म्हटलं, वरची चरबी काढून. सफरचंद चालेल, बिया आणि मधला भाग काढून. द्राक्षं आणि मनुका मात्र एकही नाही, त्याने किडनी जाते आणि कुठल्या कुत्र्याला किती सोसेल ते आधी कळत नाही. २०२१ पासून संशयाची सुई त्यातल्या टार्टारिक ॲसिडकडे वळलीय.

झायलिटॉल कधी बर्च शुगर, कधी ई ९६७ अशा नावानेही छापलेलं असतं, तेही वहीत लिहून दिलं.

डिस्चार्जच्या वेळी बिलाचे पैसे काढताना ताईंच्या पर्समधून शुगर फ्री च्युइंगमचं पाकीट खाली पडलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते उलटं करून वाचलं आणि तिथल्या तिथे मुलाला म्हणाल्या, घरी गेल्यावर पहिलं सगळं कपाट बघायचं, बाबांचं माऊथवॉशपण. संध्याकाळी मुलाने फोटोंची रांगच पाठवली, त्यातल्या टूथपेस्टमध्ये आणि पुदिन्याच्या गोळ्यांत ते होतं.