एका टबात चार मिरच्या: रोप ते पहिली फळं

टब 60 × 40 सें.मी.चा, 30 सें.मी. खोल, तळाला भरपूर भोकं. आत कोकोपीट, गांडूळखत आणि परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) यांचं मिश्रण, काठाखाली चार बोटं जागा सोडून. वर 100 वॉटचा पांढरा एलईडी बोर्ड, रोज 16 तास. रोपं चार: दोन जलापेनो, एक केयेन, एक हबानेरो. खिडकीचा प्रकाश जवळपास नाहीच, त्यामुळे जे काय व्हायचं ते दिव्याखालीच.

चारही एकाच टबात का? माती वाचते म्हणून नव्हे. चार झाडांना लागायची तेवढी माती लागतेच. फायदा ओलाव्याचा आहे. घरात दिवा आणि पंखा चालू असताना लहान कुंडी भराभर वाळते, पाण्याची वेळ जरा हुकली की झाड मान टाकतं. मोठ्या टबातला ओलावा आणि तापमान हळू बदलतं. शिवाय दिव्याचा चौकोन पानांनी भरून निघतो, चार कुंड्यांच्या मधल्या रिकाम्या फरशीवर प्रकाश पडत नाही. तोटेही आहेत, ते पुढे येतीलच.

जाती निवडताना मी उंची आणि वेग दोन्ही पाहिले. अजी जातीची मिरची (बॅकेटम नावाच्या प्रजातीतली) मला फार आवडते, पण ती उंच आणि पसरट वाढते, शेजाऱ्यांना झाकून टाकते. म्हणून या टबात तिला जागा नाही. हबानेरो चिनेन्स गटातली (हीही मिरचीची एक प्रजाती), उगवायलाही आळशी आणि फळ पिकवायलाही. तिचं बी काही आठवडे आधी टाकलं, म्हणजे टबात जाताना चौघींची उंची जवळपास सारखी. बी उगवताना 25 ते 30 अंश तापमान ठेवलं. याखाली चिनेन्सचं बी नुसतं ओल्या मातीत बसून राहतं आणि कधीकधी कुजतं.

आता प्रकाश. टबातली खरी मारामारी इथेच होते, मुळांत नंतर. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा फार-रेड प्रकाश बराचसा परतवतात. शेजारच्या पानांवरून परतलेला हा फार-रेड झाडाच्या फायटोक्रोमला (प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्याला) कळतो, आणि प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच झाड पेरं लांबवायला लागतं. म्हणजे रोपं एकमेकांना टेकायच्या आधीच त्यांची चढाओढ सुरू झालेली असते. केयेनमध्ये हे स्पष्ट दिसलं: तिची वरची दोन पेरं खालच्या पेरांपेक्षा चांगलीच लांब निघाली, तेही भरपूर प्रकाशात. दिवा कमी पडतोय असं समजून तो खाली आणणं अशा वेळी उपयोगाचं नाही. शेंडा खुडायचा.

खुडला तो सहाव्या पानाच्या वर, धारदार कात्रीने. पानाच्या बगलेत आधीच एक बारीक हिरवा ठिपका होता. तो काही दिवसांतच फुगून दोन पानं उघडून बसला आणि त्याच्या खालच्या दोन पेरांतूनही फुटवे आले. जलापेनो मुळातच ठेंगण्या, त्यांना हात लावला नाही. हबानेरो तर अजिबात खुडू नये असं माझं मत आहे. आधीच ती उशिराची, त्यात खुडली की फळं आणखी लांबतात.

मिरचीचं खोड काही पानांनंतर स्वतःच दुभागतं, आणि त्या बेचक्यात पहिली कळी बसते. ती मी चौघींचीही काढली. एकट्या कुंडीतल्या झाडाची ठेवली तरी फारसं बिघडत नाही, पण सामायिक टबात ज्या झाडाला आधी फळ धरतं त्याची वाढ तिथेच मंदावते आणि शेजारीण त्याच्या डोक्यावर जाते.

मोबाइलच्या सेन्सरवर साधा पांढरा कागद लावून ॲपने प्रकाश मोजला. आकडे अंदाजेच समजायचे, पण तुलनेला चालतात. मधोमध सेकंदाला दर चौरस मीटरवर 350 मायक्रोमोलच्या (झाडाला वापरता येणाऱ्या प्रकाशकणांचं माप) आसपास, कोपऱ्यांत 220. सोळा तासांचा हिशोब केला तर मध्यभागी दिवसाला साधारण 20 मोल आणि कोपऱ्यात जेमतेम साडेबारा. मिरचीला फळं धरायला 20 च्या पुढे मिळालं तर उत्तम. चौघी चार कोपऱ्यांकडे लावलेल्या असल्यामुळे सगळ्यात चांगला प्रकाश मधल्या रिकाम्या जागेवर पडत होता! टब फिरवून काही होत नाही, कोपरा फिरून कोपऱ्यातच येतो. दिवा वर नेला की पसरतो सारखा, पण सगळीकडेच कमी होतो. मग दोन गोष्टी केल्या. टबाच्या चारही बाजूंना पांढरी शीट उभी केली, त्याने कोपरे 270 च्या घरात गेले. आणि केयेनच्या दोन फांद्या मऊ कापडी पट्टीने आत, मध्याकडे वाकवून बांधल्या. बांधणी म्हटली की आपण सवयीने फांद्या बाहेर ओढतो. इथे ते उलट करायला लागतं.

पाण्याचं गणित सामायिक टबात वेगळं असतं. सुरुवातीला प्रत्येकीची मुळं आपापल्या कोपऱ्यात असतात. केयेनला पानं जास्त, ती जास्त पाणी पिते, म्हणून तिचा कोपरा आधी वाळतो. तिने पानं खाली सोडली म्हणून सगळ्या टबाला पाणी दिलं, तर हबानेरोच्या कोपऱ्यात चिखल. त्यामुळे चारही कोपऱ्यांत बोट दोन पेरं आत घालून बघायचं आणि जिथे कोरडं तिथेच ओतायचं. मुळं एकमेकांत मिसळली की हा भेद कमी होतो. आता टब बऱ्यापैकी एकसारखा वाळतो आणि मी तळातून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत देते. ते बाहेर येणारं पाणी महत्त्वाचं, नाहीतर खताचे क्षार आतच साठतात.

खतात विशेष काही नाही. वाढीला 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), लिटरला अर्धा ग्रॅम, एक पाणी सोडून एक. फुलं सुरू झाल्यावर 13:00:45. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या पाळीला, कारण फॉस्फेट किंवा सल्फेटच्या दाट द्रावणात ते मिसळलं की तळाला साका बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. कोकोपीट वापरणाऱ्यांनी कॅल्शियमकडे जास्त लक्ष द्यावं. कोकोपीट स्वतः कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतं. फळाचं टोक काळं पडून बसायला लागलं तर मात्र आधी पाणी तपासा, खत नंतर. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं, आणि पाणी अनियमित असेल तर मातीत कितीही असून उपयोग नाही.

मध्ये एक वेळ अशी आली की जलापेनोच्या पानांच्या खालच्या बाजूला मिठाच्या खड्यांसारखे पारदर्शक कण दिसायला लागले. पहिली शंका किडीच्या अंड्यांची. भिंगातून पाहिलं: कण हलत नाहीत, पाय नाहीत, चिकटपणा नाही, पानाचा आकार नीट. म्हणजे कीड नाही. घरातल्या मिरच्यांवर हे बरेचदा दिसतं. हवा दमट आणि माती ओली राहिली की जास्त. पंखा थोडा वाढवला, पाणी थोडं लांबवलं. नवीन पानं स्वच्छ आली. जुन्या पानांवरचे कण मी पुसत बसले नाही.

खरी भीती फुलकिडे आणि कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) यांची. शेंड्याची पानं वर वळायला लागली की फुलकिड्यांवर संशय घ्यावा, खाली वळून कडक झाली की कोळ्यावर. दोघांमुळेही झाड चुरडा-मुरडा झाल्यासारखं दिसतं, आणि विषाणूमुळेही. एकत्र टबाचा सगळ्यात मोठा तोटा इथे कळतो: आजारी झाड उचलून बाजूला ठेवता येत नाही. ओढून काढलं तर शेजारणींची मुळं तुटतात. अशा वेळी जमिनीलगत कापायचं आणि मुळं तशीच आत राहू द्यायची. तंबाखू मोझॅकसारखे विषाणू हातांवरून आणि कात्रीवरून पसरतात. स्पिरिटने कात्री पुसून या विषाणूचं फारसं काही बिघडत नाही; साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं 20 टक्के द्रावण जास्त कामाचं. मी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री त्यात बुडवते. चिकट पिवळे सापळे दोन लावलेत, ते मुख्यतः मातीतल्या बारीक माश्यांसाठी.

फुलं आता चौघींवरही आहेत. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांनी फळ धरतं, पण घरात वारा नाही, म्हणून दुपारी, परागकोश फुटल्यावर, फांदीला हलकी टिचकी मारते. सकाळी फूल नुकतंच उमललेलं असतं, तेव्हा टिचकी वाया जाते. दिव्याखालचं तापमान 32 च्या वर गेलं त्या काळात केयेनची फुलगळ झाली. दिव्याचे तास रात्रीकडे सरकवले आणि गळ थांबली.

बी धरायचं असेल त्यांच्यासाठी एक सूचना. चौघी इतक्या जवळ आहेत की परागांची सरमिसळ होणार, जलापेनो आणि केयेन तर एकाच अ‍ॅन्युअम गटातल्या. यंदाच्या फळावर त्याचा परिणाम नाही, फळ आईसारखंच येतं. बी मात्र भरवशाचं नाही. शुद्ध बी हवं असेल तर कळी उमलायच्या आधी त्या फांदीला जाळीची पिशवी बांधा आणि धरलेल्या फळाला दोरा बांधून खूण करा.

सध्याची स्थिती: जलापेनोची फळं बोटभर, त्यांच्या सालीवर बारीक रेघा दिसायला लागल्यात. केयेनची लोंबतायत, टोकाकडे गडद होतायत. हबानेरोला नुकती धरलीत, देठ खाली वळलेत. जलापेनोच्या बुंध्याजवळची, सावलीत गेलेली पानं या आठवड्यात काढणार आहे, म्हणजे मधून हवा खेळेल. पुढच्या वेळी याच टबात तीनच झाडं लावीन. चौथीमुळे फळं वाढतील असं वाटत नाही, कारण प्रकाश तेवढाच आहे, फक्त वाटेकरी वाढले. बोर्डाऐवजी दोन लांब पट्ट्यांचे दिवे लावून कोपऱ्यांतला प्रकाश कोणी मोजला असेल तर आकडे कळवा, दिवा बदलायचा की नाही ते त्यावरच ठरवणार आहे.