जाग्यावर थरथरणारी मोटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये पूर्वी ऑइल इंजिनांची कामं यायची, आता पोरं स्टेपर मोटरी, म्हणजे ठरावीक बारक्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरी, घेऊन येतात. परवा सुभाषनगरचा एक जण आला. घरचा धंदा चपलांचा. चामड्यावर नक्षी आखायला त्यानं स्वतःच छोटं मशीन जुळवलंय.

"मामा, मोटर फिरंना. नुसती जाग्यावर थरथरतिया. तिला करंट देणारा ड्रायव्हर बोर्ड बदलला, प्रोग्रॅम बदलला."

"वायरी बघितल्यास?"

"रंगाला रंग जोडलाय की!"

इथंच घोडं पेंड खातं. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. चार वायरींच्या मोटरीत दोन कॉइल असतात. जोड्यांची अदलाबदल झाली की मोटर गुरगुरते, पुढं सरकत नाही. जोडी ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही. मोटर ड्रायव्हरपासून सोडवायची, दोन वायरींची उघडी टोकं एकत्र पिळायची आणि शाफ्ट चिमटीत धरून फिरवायचा. त्याच्याच हातात दिली. लाल-निळी पिळली, शाफ्ट हलकाच. लाल-हिरवी पिळली आणि चिमटीत गचके बसायला लागले. एका कॉइलची जोडी हीच.

सोडवायची म्हणजे सप्लाय बंद करून, बरं का. चालू असताना वायर निघाली की ड्रायव्हर जळू शकतो. त्याचा आधीचा बहुतेक तसाच गेला असावा.

जोड्या लागल्यावर मोटर फिरली, पण पेन दाबलं की पावलं चुकायची. ड्रायव्हर ए४९८८, त्यावर करंट मोजणारे ०.१ ओहमचे सेन्स रेझिस्टर. अशा बोर्डावर एक अँपिअर हवा तर व्हीरेफ, म्हणजे करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज, ०.८ व्होल्ट लागतो. मीटर लावला तर ०.३! बारीक स्क्रूड्रायव्हरनं बोर्डावरचा पॉट, म्हणजे छोटा फिरता स्क्रू, हळूहळू फिरवून व्हीरेफ बरोबर केला. तरी वेगात सुरू केली की अडायचीच. १.८ अंशाची मोटर म्हणजे फेऱ्याला २०० पावलं, १/१६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका पावलाचे सोळा भाग केले की, ३२०० पल्स (विजेचे ठोके). उभ्या मोटरीवर एकदम पूर्ण वेगाचे पल्स सोडले तर रोटर मागं पडणारच. वेग चढता ठेव म्हटलं, प्रोग्रॅममध्ये त्याची सोय असते.

निघताना पुन्हा शंका, "मामा, उभी असली तरी तापतिया की ओ."

तापणारच. जागा धरून ठेवायला उभ्या मोटरीतूनही करंट वाहतो. हात ठेवून चटकन काढावा लागला तरी ती चालते. ड्रायव्हरवर मात्र हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, चिकटव, म्हटलं.