चिंधीची बाहुली

इंदुरात रामबागेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको वर्षभर चालतं, पण तुळशीचं लग्न लागलं की ते सगळं मागे पडतं आणि मी फक्त रुखवतं करते. त्यातही सप्तपदीच्या बाहुल्यांना मागणी फार. सात पाट, सात जोड्या, वीत-वीत उंचीच्या. आत तारेचा सांगाडा, त्यावर कापूस, वरून नवरीला नऊवारी आणि नवऱ्याला उपरणं. नवरीची मान मी थोडी खाली वळवते. तशी वळवली नाही तर लोक परत आणून देतात.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी एक काकू आल्या. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. सप्तपदीची ऑर्डर लिहून घेतली, ॲडव्हान्स झाला, आणि मग त्यांनी पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक चिंधीची बाहुली काढली.

‘‘अगदी अशीच एक नवी करून द्या. ही रुखवतात मांडायची असा मुलीचा हट्ट आहे. पण चार माणसांत ही कशी मांडणार?’’

बाहुली दीड वीत लांबीची. अंग कळकट, डावा हात लुळा, काळ्या लोकरीचे केस अर्धे गळालेले. चेहऱ्यावर काळ्या दोऱ्याचे दोन टाके, ते डोळे. नाक नाही, तोंड नाही.

काकू म्हणाल्या, ‘‘दोनदा सुक्या कचऱ्यात टाकली होती हो. गाडीचं गाणं ऐकू आलं की डबा घेऊन बाहेर जायचे आणि हिला काढून घरात आणायचे.’’

हे मी पुष्कळ बायकांकडून ऐकलंय. मोडकी खुर्ची भंगारात जाते, फुटका कप जातो, बाहुली जात नाही. झिजलेला देव आपण नदीत सोडतो. बाहुलीचं काय करायचं ते आपल्याकडे कुणी सांगून ठेवलेलं नाही, म्हणून ती माळ्यावर पडून राहते. जपानात जुन्या बाहुल्या देवळात नेऊन, पूजा करून त्यांना निरोप देतात. मला ती रीत फार शहाणपणाची वाटते.

नवी केली तर ती हीच होणार नाही, हे मी काकूंना सांगितलं. त्यापेक्षा हिलाच उसवते, वरचं कापड रिठ्याच्या पाण्यात धुते, हात नीट भरते. त्या तयार झाल्या, पण म्हणाल्या, ‘‘मग तेवढं छानसं हसरं तोंडही काढा.’’ मुलीला विचारल्याशिवाय मला ते करवेना. व्हिडिओ कॉल लावला. ती पुण्याहून बोलत होती.

‘‘मावशी, तोंड अजिबात नका काढू. ती कधी रडायची, कधी माझ्यावर चिडायची. हसरं तोंड असतं तर तिला ते कसं जमलं असतं?’’

बाहुली तिच्या आजीने केलेली, पण काही पुस्तक वाचून नव्हे. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत मात्र अशाच बाहुल्या मुद्दाम करतात, चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नसलेल्या, म्हणजे उरलेला चेहरा मूल आपल्या मनाने भरतं. तसली पहिली शाळा जर्मनीत 1919 साली निघाली. आपल्या आज्यांनी चिंध्या गुंडाळून दोन टाके घातले, तेव्हा त्यांनाही हे ठाऊक असणार असं मला वाटतं.

काकू मध्येच म्हणाल्या, ‘‘हिचं लग्न लावायचीस ना गं भातुकलीत?’’

‘‘नाही आई. ती सिटी बसची कंडक्टर होती. सगळ्यांची तिकिटं तीच फाडायची.’’

समोर सप्तपदीच्या दोन अर्धवट नवऱ्या पडल्या होत्या, माना खाली घातलेल्या. बाहुला-बाहुलीचं लग्न लावून आपण मुलींना लग्नच शिकवत आलो, आणि माझं पोट त्याच्यावरच चालतं. पण मुलगी एकटी खेळायला बसली की बाहुली काय होईल ते कुणाच्या हातात नसतं.

फोन ठेवला आणि लहान कात्रीने पाठीची शिवण उसवायला घेतली. बारीक धावदोरा, मध्ये मध्ये उलट टीप. ज्या हाताने घातला तो सरावाचा होता. मला वाटलं होतं आत कापूस असेल, पण सगळ्या चिंध्याच निघाल्या, पुरणासारख्या दाबून भरलेल्या. मी एकेक काढून टेबलावर ठेवत गेले आणि काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या.

विटलेल्या इरकलीची पट्टी निघाली. ‘‘सासूबाईंची. हळदीकुंकवाला हीच नेसायच्या.’’ धोतराचा तुकडा निघाला. कुंचीचा अर्धा भाग, त्यावर लेस. ‘‘ही माझ्या मुलीची, बारशाची.’’ मग जाड पांढऱ्या कापडाची एक घडी निघाली. काठावर जांभळ्या शाईतला शिक्का अर्धाच उरलेला, अक्षरं लागत नव्हती. काकूंनी ती उजेडात धरली. त्यांचे सासरे कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. भोंगा झाला की घरातलं घड्याळ लावायचे. इंदूरच्या मिला नंतर एकेक करून गेल्या, हुकुमचंद 1991 साली बंद झाली. तसलं कापड आता कुठून आणणार? मी ते वेगळं ठेवलं. ते धुवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

मला उत्तरा आठवली, विराटाची मुलगी. कौरवांनी गाई पळवल्या, तिचा भाऊ उत्तर लढायला निघाला आणि बृहन्नडा झालेला अर्जुन रथ हाकायला बसला, तेव्हा हिने काय मागितलं? माझ्या बाहुल्यांसाठी तलम, रंगीत वस्त्रं आण. अर्जुन ते विसरला नाही. संमोहनास्त्राने कौरव बेशुद्ध पडल्यावर त्याने उत्तराला पाठवलं: द्रोण-कृपांची शुभ्र, कर्णाचं पिवळं, अश्वत्थामा-दुर्योधनाची निळी वस्त्रं घे, भीष्मांच्या वाटेला जाऊ नकोस, ते शुद्धीवर आहेत. एवढ्या मोठ्या महाभारतात बाहुल्यांच्या कपड्यांचे रंगसुद्धा नोंदलेत. बाहुल्यांसाठी कापड मागणारी ही पोर थोड्याच दिवसांत अभिमन्यूची नवरी झाली. हा प्रसंग वाचताना मी दरवेळी इथे थांबते.

बाहुली नेहमी दुसऱ्याच्या कापडाची होते. आमच्याकडून दीडशे किलोमीटरवर झाबुआ आहे. तिथल्या भिल्ल जोडीच्या बाहुल्या उरल्यासुरल्या कापडातूनच घडत आल्या. रमेश आणि शांती परमार या नवरा-बायकोला 2023 साली त्याच कामासाठी पद्मश्री मिळाली. ती बातमी मी कापून दुकानात लावली आहे.

टेबलावर एकोणीस चिंध्या झाल्या. काकू त्या पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होत्या. आधी मला वाटलं, आठवणी काढताहेत. मग लक्षात आलं की त्या काहीतरी शोधताहेत.

‘‘माझं काहीच नाही यात,’’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्ही तेव्हा लग्नाला चार-पाच वर्षं झालेल्या सूनबाई. सुनेच्या कपड्याला कात्री कोण लावणार? आजींनी स्वतःचं आणि आजोबांचं जीर्ण झालेलं फाडलं. माझ्या सासूनेही तेच केलं असतं, आणि मीही. त्यांनी मान हलवली, पैशांचं विचारलं आणि गेल्या.

पाचच्या सुमारास परत आल्या. हातात एक सुती साडी, अबोली रंगाची, इतकी धुतलेली की बोटांना लागतही नव्हती. माहेरची. एका कोपऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग.

‘‘हा डाग पडला त्या दिवशी मी फार रडले होते,’’ एवढंच म्हणाल्या.

डागाजवळ नख लावून त्यांनी स्वतःच टर्रकन पट्टी फाडली. मी तिची घट्ट गुंडाळी करून लुळ्या हातात पेन्सिलीने खांद्यापर्यंत सारली, मग बाकीच्या चिंध्या निघाल्या त्याच्या उलट क्रमाने परत भरल्या, मिलचं कापड छातीशी. शिवण घातली. हात उभा राहिला.

काकूंनी बाहुली घेतली आणि तो हात दोन बोटांनी दाबून पाहिला.

‘‘डावाच ना?’’

‘‘डावाच,’’ मी म्हटलं.